संत उलरिख आणि बटाटाभर तळं

होफेन, २ जून २००३

प्रिय इड्डावहिनी,

मी बरी आहे, गुडघे सोडून. तुम्ही बऱ्या असालच. तुमच्या देशात आजारी पडायलासुद्धा आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला नको ते ऐकू येत नाही. कागदावर ती सोय नाही. माझी शाळा चौथीत सुटली, वर्गात सैनिक झोपायला लागले तेव्हा. त्यामुळे अक्षराला हसायचं नाही.

शुक्रवारी पिरमिन कोळी मासे द्यायला आला होता. तो तुमच्या धक्क्यावर गप्पा मारायला थांबतो आणि आमच्या धक्क्यावर त्या सांडतो. म्हणाला, "बुर्गाबाई, तुमच्या संत उलरिखला संग्रहालयवाले नेणार म्हणे. काचेच्या पेटीत."

मी म्हटलं, "त्यांच्या बापाचा आहे का?"

म्हणाला, "ते तुमच्या भावजयीला विचारा. चर्चची किल्ली तिच्याकडे असते."

म्हणून विचारते. खरं आहे का?

वहिनी, विसरला असाल तर आठवण देते. उलरिख तुमचा नाही, आमचाही नाही, तो तळ्याचा आहे. लाकडाचा, कमरेपर्यंतचा, हातात पुस्तक आणि पुस्तकावर मासा. तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं की तो ज्या गावात असेल त्या गावाने त्याला बर्फावरून चालत समोरच्या गावाला नेऊन द्यायचा. मग पुन्हा तळं गोठेपर्यंत तो तिथे. होडीत घालायचा नाही, गाडीत घालायचा नाही. आमच्या पणज्यांनी असंच केलं, तुमच्याही पणज्यांनी. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत आम्ही त्याला तुमच्या आल्टविलला आणला. माझा भाऊ आलोइस सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर संत. तुम्ही धक्क्यावर गरम सूप वाढत होतात, डोक्याला लाल रुमाल. परत निघताना आम्ही माणसं मोजली तर एक कमी. एका फेरीत तुम्हाला संतही मिळाला आणि नवराही. आम्हाला काय मिळालं? सर्दी.

भावाबद्दल तक्रार नाही. तो जाऊन आठ वर्षं झाली, तुमच्या मातीत आहे, राहू दे. पण संत कायमचा दिलेला नव्हता. चाळीस वर्षं झाली, तळं गोठायचं नाव घेत नाही, आणि दर शनिवारी मी आमच्या चर्चमधला त्याचा रिकामा कोनाडा पुसते आहे. रिकामी जागा पुसायचा कंटाळा तुम्हाला कळायचा नाही. भरलेली जागा पुसली की निदान कुणाचं तरी नाक चमकतं.

मला तो त्या कोनाड्यात बघायचा आहे, आणि तोही माझे डोळे उघडे असताना. एकदा पेटीत गेला की तळं तळापर्यंत गोठलं तरी तो बाहेर येणार नाही. ते लोक रबरी हातमोजे घालणारे आहेत.

काय खरं ते लिहा.

तुमची नणंद,
बुर्गा


आल्टविल, ९ जून

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही. मजकुराला हसले.

खरं आहे. एक सप्टेंबरला संग्रहालयाची गाडी येणार. आमच्या चर्चच्या मंडळाने तसं ठरवलं. एक दाढीवाले साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, इथली हवा दमट आहे, किडा लागेल, शिवाय विमा नाही. विमा नाही म्हटल्यावर मंडळातले दोघं पांढरे पडले. मग साहेब म्हणाले, हवा अशी तापत चालली आहे की तळं पुन्हा गोठेल असं काही दिसत नाही, म्हणजे संताची ये-जा संपल्यातच जमा. बाहेर त्या दिवशी तेहतीस अंश होतं, पाद्रीसुद्धा बाह्या वर करून बसले होते. तुम्हीच सांगा, नाही कोण म्हणणार?

मी काय करू? हात वर करायचा अधिकार मंडळाला आहे. मला फक्त किल्ली आहे.

रुमाल लाल नव्हता, निळा होता. आणि नवरा मी मागितला नव्हता. तो तीन वाडगे सूप प्यायला आणि चौथ्यासाठी थांबला. बत्तीस वर्षं थांबला.

बाकी घरी ठीक. नातू रेतो पोहण्याच्या क्लबात जातो. शाळेत कमी आणि पाण्यात जास्त. घरभर ओले टॉवेल. मी बोलत नाही, मोटारसायकल घेण्यापेक्षा बरं.

सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी पाठवते आहे. मागच्या वेळी तुम्ही कळवलंत की दात हलला. त्या भिजवून खायच्या असतात.

तुमची,
इड्डा


होफेन, १६ जून

वहिनी,

फोडी भिजवल्या. आता चपलेच्या तळव्यासारख्या लागतात, आधी चपलेच्या टाचेसारख्या लागत होत्या. सुधारणा आहे.

काल प्रवचनात मी डोळे मिटून बसले होते. सूनबाई म्हणते झोपले होते. मी विचार करत होते. बर्फ म्हणजे काय हो? पाणीच की, जरा हट्टाला पेटलेलं. उलरिखने होडीत जायचं नाही, गाडीत जायचं नाही, तळ्यावरून माणसांच्या बळावर जायचं, एवढंच आहे ना? मग पाणी हट्टाला पेटेपर्यंत थांबायचं कशाला? मऊ आहे तोवर जाऊ दे त्याला.

आमची सिल्के तुम्हाला आठवते ना, माझ्या फ्रान्त्सची थोरली? तीच, जिने तुमच्या पडद्याला गाठ मारली होती. आता तेवीस वर्षांची आहे, पोहण्याच्या तलावावर पोरांवर शिट्ट्या फुंकायची नोकरी करते. दोन वर्षं तिला एकच खूळ, तळं पोहून पार करायचं. तिची आई गुदरून करू देत नाही. "तळं म्हणजे काय न्हाणीघर आहे?" असं म्हणून पोरीचा पोहायचा पोशाख कपाटात कोंडते. सिल्के तुमच्याकडून आमच्याकडे पोहत येईल, मागे दोरीने उलरिख. तो लाकडाचा आहे. लाकूड तरंगतं. तुमच्याकडे चाळीस वर्षं राहून जड झाला नसेल तर.

तळं केवढं आहे हे मला सांगू नका. लांबीला ते तीन देशांना पुरतं, माहीत आहे. आपल्याला लांब नाही जायचं, आडवं जायचंय. आणि आडवं ते केवढं, याचं माप माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या घड्याळात बारा वाजले की मी बटाटा हातात घेते. तो सोलून होतो तेव्हा तुमच्या चर्चची बाराची घंटा पाण्यावरून ऐकू येते. म्हणजे तळं बटाटाभर आहे. मोठा बटाटा नव्हे, मध्यम.

तो तरंगतो का तेवढं बघा. कपडे धुवायच्या हौदात घाला. दिवसाढवळ्या घाला. अंधारात केलं की लोक चोरी म्हणतात, उजेडात केलं की साफसफाई म्हणतात.

बुर्गा


आल्टविल, २५ जून

प्रिय वन्सं,

तुमचा बटाटा तुमच्यापाशी ठेवा. आमच्या शाळेतल्या नकाशाप्रमाणे धक्क्यापासून धक्क्यापर्यंत साडेसात किलोमीटर आहेत. आमची घंटा बाराच्या ठोक्याला वाजते. तुमचं घड्याळ पुढे आहे.

संताला सोमवारी सकाळी चौकातल्या कारंज्याच्या हौदात घातलं. तरंगतो. पण उपडा तरंगतो.

झालं असं की मूर्तीची पाठ कोरून पोकळ केलेली आहे, लाकूड तडकू नये म्हणून पूर्वीचे सुतार तसं करत. मी त्याला उताणा सोडला तर त्याने शांतपणे कूस बदलली, नाक पाण्यात घातलं आणि पोकळ पाठ वर केली. कणीक मळायच्या काथवटीसारखा दिसतो. त्या पाठीत दोन पाव आणि लोण्याचा डबा आरामात मावेल.

तेवढ्यात आमचे फादर मोसर आले.

"इड्डाबाई, हे काय चाललंय?"

"आंघोळ."

"उपडी?"

"ते त्यांचं ते ठरवतात."

मग मी सगळं सांगितलं. फादर हौदाच्या काठावर बसले. बराच वेळ बोटाने संताला ढकलत होते, इकडून तिकडे. शेवटी म्हणाले, "पाठ अशी पोकळ असली तर हा संतच होडी झाला की. आणि होडी चालत नाही."

मी म्हटलं, "फादर, होडीत दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. हा स्वतःच स्वतःत बसला आहे."

ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मंडळाला संत द्यायचा अधिकार आहे, पण तो तळं पार करत असेल तर त्याला अडवायचा अधिकार कुणालाच नाही, तसं कधीच कुणी ठरवलेलं नाही. म्हणजे फादरकडून हरकत नाही.

माझी मात्र एक अट आहे. मला सगळं नीट लागतं, तुम्हाला माहीत आहे. खालचं वाक्य तुमच्या आणि आमच्या, दोन्ही चर्चमध्ये रविवारी वाचून दाखवायचं आणि गावाने हात वर करायचे:

"संत उलरिख गोठलेल्या तळ्यावरून चालत गेले काय किंवा माणसाच्या बळावर पाण्यातून पोहत गेले काय, दोन्ही सारखंच, आणि ज्या गावी पोहोचतील तिथे ते पुढची फेरी होईपर्यंत राहतील."

एक शब्द इकडचा तिकडे नको. हे झाल्याशिवाय मी कुलपाला किल्ली लावणार नाही.

तुमची,
इड्डा


होफेन, ७ जुलै

वहिनी,

काय तुमचा देश! श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा यालासुद्धा हात वर करता. पण केलं. संत उलरिखच्या सणाच्या रविवारी केलं, म्हणजे तो दूर असूनही त्याचा मान राहिला.

आमच्या फादरनी तुमचं वाक्य वाचलं. कुणालाच काही कळलं नाही. मग मी उठले. ते म्हणाले, "बुर्गाबाई, बसून बोला." मी म्हटलं, "बसले की उठता येत नाही, उभ्यानेच सांगते." आणि सांगितलं. बर्फ म्हणजे हट्टाला पेटलेलं पाणी, वगैरे. सगळ्यांनी हात वर केले. ऑर्गन वाजवणाऱ्या बहिऱ्याने दोन्ही केले, त्याला वाटलं पोलीस आले.

एकटा बेकर तेवढा शहाणपणा पाजळत होता. "पण बुर्गाबाई, उद्या आल्टविलवालेच पोहत येऊन त्याला परत घेऊन गेले तर?"

मी म्हटलं, "आल्टविलवाले? ते पाण्यात अंगठा बुडवायच्या आधी अंगठ्याचा विमा उतरवतात."

चर्च हसलं. फादरसुद्धा हसले आणि मग खोकल्यासारखं केलं.

सूनबाईचं जमवलं. गुदरून म्हणाली, "माझी पोर बुडाली तर?" मी म्हटलं, "बुडायला पाणी लागतं, यंदा आहे कुठे?" खरंच, उन्हाने तळं इतकं मागे गेलंय की आमच्या धक्क्याच्या शिड्या हवेत लोंबतात. शेवटी ती दोन अटींवर तयार झाली. पिरमिनची होडी शेजारून चालली पाहिजे, आणि काठावरचे वादळाचे नारिंगी दिवे लुकलुकायला लागले तर सिल्केने ताबडतोब होडीत चढायचं. मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं?

गाईच्या सडांना लावायच्या मलमाचे दोन डबे पाठवते. लांब पोहणारे अंगाला हेच फासतात. उलरिखला डोक्यापासून खालपर्यंत चोपडा, त्याचं सोनं आणि रंग पाण्याने जायला नको. नाकाला जास्त लावा. तो उपडा येणार, नाकाला त्रास आहे. मासे बघत येईल म्हणा. हातात एक आहेच, बाकीचे ओळखीचे निघतील.

बुर्गा


आल्टविल, ८ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

घाईत लिहिते. संग्रहालयवाल्यांना कुणीतरी कळवलं. (मंडळातला विमेवाला, आणखी कोण?) गाडी आता एक सप्टेंबरला नाही, चौदा ऑगस्टला येणार.

म्हणजे बुधवारी, तेरा तारखेला. सिल्केला आदल्या दिवशी आगबोटीने पाठवा, ती माझ्याकडे झोपेल. पडद्यांना हात लावायचा नाही म्हणावं. पहाटे उजाडताच मी चर्च उघडेन. बिजागऱ्यांना तेल घातलं आहे.

एक मुद्दा राहिला. आमच्याकडेही तळं मागे गेलंय. धक्क्याची भिंत आणि पाणी यांच्यामध्ये नुसता चिखल. मंडळातले एकजण म्हणतात की भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलं तरच तळं पार झालं असं धरावं, कारण नकाशात ती जागा निळी आहे. मी म्हटलं, ठीक, निळ्यातून जाऊ. मी आणि सिल्के त्याला चिखलातून अनवाणी नेऊ. तुमच्या बाजूलाही तसंच करा. नंतर कुणी म्हणायला नको की तळं अपुरं पडलं.

मी पलीकडे येणार नाही. चौदा तारखेला गाडीवाल्यांना कुणीतरी दार उघडायला हवं.

इड्डा


होफेन, १७ ऑगस्ट

वहिनी,

आला.

पिरमिनने तुम्हाला धक्क्यावरून ओरडून सांगितलंच असेल, पण त्याचं ऐकू नका, त्याच्या गोष्टीत तो स्वतः फार असतो. मी सांगते.

सिल्के म्हणते, तुम्ही त्याला इतकं मलम लावलं होतं की भट्टीत घालायच्या बदकासारखा दिसत होता. पाण्यात सोडला, त्याने कूस बदलली, आणि निघाले. पाठीच्या पोकळीत तिची केळी. शेजारी पिरमिन. अर्धं तळं नीट गेलं. मग पोलिसांची लाँच आली, एक पोलीस तुमचा, एक आमचा.

"काय ओढताय?"

पिरमिन म्हणाला, "संत."

"कुठून कुठे?"

"इथून तिथे."

"म्हणजे देशाबाहेर नेताय. कागद?"

पिरमिन म्हणाला, "सीमा कुठे आहे ती दाखवा, तिथे थांबतो."

आता वहिनी, तुम्हाला माहीत आहे, आपल्या या तळ्याच्या मधून कुणी रेघ मारलेलीच नाही. इतकी शतकं गेली, तीन देशांचं एकमत झालं नाही. तुमचा पोलीस डावीकडच्या पाण्याकडे बघायला लागला, आमचा उजवीकडच्या. मग तुमचा म्हणाला, "सध्या तुमच्या बाजूला असेल." आमचा म्हणाला, "छे, अजून तुमच्याच." तेवढ्यात लाटेने उलरिख जरा वळला, एक कान आणि त्याची बिशपची टोपी वर आली. दोघांनी आपापल्या टोप्या काढल्या आणि निघून गेले. जाताना आमचा ओरडला, "केळी पडतील!"

इथपर्यंत हसायचं. पुढे नाही.

नऊच्या सुमाराला काठावरचे नारिंगी दिवे लुकलुकायला लागले. पश्चिमेकडून वारा. आम्ही धक्क्यावर होतो, मी, गुदरून, बँडवाले, अर्धं गाव. पाणी शिशासारखं झालं आणि त्यात सिल्केची पिवळी टोपी, तीही कधी दिसे, कधी नाही. गुदरूनने सिल्केचा टॉवेल छातीशी धरला होता. तळ्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिकडे पिरमिन ओरडत होता, "चढ वर!"

सिल्के म्हणाली, "हा चढला तर सगळं मोडतं."

"मग त्याला सोड आणि तू चढ."

"सोडला तर आजी घरात घेणार नाही."

पोरगी माझ्याविषयी असं बोलते! आणि मी इकडे काय करत होते ते ऐका. बँडवाल्यांच्या टेबलावरचं चादरीएवढं पांढरं कापड ओढलं, पेले फुटले ते फुटले, आणि ते हलवत ओरडत होते, "चढ! सोड त्याला! जाऊ दे म्हाताऱ्याला!" चाळीस वर्षं कोनाडा पुसणारी मी. हे कुणाला सांगायचं नाही, तुमच्या रेतोलासुद्धा नाही.

तिने कापड पाहिलं. तिला वाटलं, आम्ही शाबासकी देतोय.

तेव्हा तिने काय करावं? दोरी जवळ ओढली, उलरिखच्या पाठीवर पालथी पडली, पोरं तलावात फळी धरतात तसा त्याला धरला आणि नुसते पाय मारत सुटली. लाट आली की तो वर जाई, ती त्याच्यावर. दम लागला की मान त्याच्या पाठीवर टेकून पडून राही. पिरमिन म्हणतो, त्या लाटेत नुसती पोहत राहिली असती तर थकली असती. चाळीस वर्षं तुमच्याकडे काही न करता उभा होता, एकदाचा कामाला आला.

वादळ चार थेंब टाकून पुढे निघून गेलं.

आमच्या बाजूला पाणी संपलं आणि तो चिखलात रुतला. भिंत अजून कितीतरी लांब. बँडवाल्यांचे बूट पॉलिश केलेले, कुणी हलेना. मी घागरा खोचला आणि उतरले. मागून गुदरून ओरडली, "आई, गुडघे!" मी म्हटलं, "चिखलात दिसत नाहीत." एका बाजूने मी, एका बाजूने सिल्के, निळीजांभळी पडलेली आणि बाराखडी म्हणावी तसे दात वाजवणारी. अर्ध्या वाटेत बघते तर गुदरूनही चिखलात, चांगल्या पोशाखात. सिल्केला वाटलं रागावणार. गुदरूनने पोरीच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग संताचा पाय धरला. त्याला पाय नाहीत, कमरेपर्यंतच आहे, पण जे हाताला लागलं ते धरलं. असा तो निळ्यातून भिंतीपर्यंत आला. तुमच्या नकाशाला सांगा.

साडेसात किलोमीटर खरे असतील. मी तेवढ्या वेळात गोणीभर बटाटे सोलले असते.

काल शनिवार होता. पुसला. मलम निघता निघत नाही. नाक असं चमकतंय की मेणबत्तीची गरज नाही.

संग्रहालयवाल्यांचं काय झालं?

बुर्गा


आल्टविल, २४ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

पत्र रेतोला वाचून दाखवलं. पांढऱ्या कापडाचा भाग सोडून. म्हणजे तो मी आधी वाचला आणि मग सोडला.

चौदा तारखेला गाडी आली. दाढीवाले साहेब, दोन हमाल, एक पेटी, आत मऊ गादी. मी दार उघडलं.

"संत कुठे आहेत?"

"पोहायला गेलेत."

साहेब हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "परत कधी येतील?"

"ते वारा कसा आहे त्यावर."

त्यांना मी सफरचंदाची दारू दिली, दोन पेले प्यायले. मग म्हणाले, काही बिघडत नाही, आम्ही होफेनला अर्ज करू. मी दोन्ही गावांनी हात वर केलेलं वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. विचारलं, "पुढची फेरी कधी?"

मी म्हटलं, "येत्या जुलैत."

वन्सं, आता तुम्हीही ते वाक्य पुन्हा वाचा. मी ते दोन दिवस बसून लिहिलं होतं.

पोहत गेले काय आणि चालत गेले काय, सारखंच. तळं गोठायची वाट बघायची असती तर तुम्ही त्याला पुढची चाळीस वर्षं पुसत बसला असतात. आता फक्त उन्हाळा यायला हवा. ओले टॉवेल आठवतात ना? रेतो आणि त्याच्या क्लबातली चार पोरं तुमच्या सोळा जूनच्या पत्रापासून सराव करतात. माझी काथवट घेऊन, आत दगड भरून. जुलैत ती होफेनला येतील आणि संताला पोहत परत आणतील. तुमच्या बेकरला माझा नमस्कार सांगा. गावात एकच डोकं आहे, तेही पिठात.

रागावू नका. रागावा, पण पूर्ण वाचून. तो पुन्हा कुठेतरी चाळीस वर्षं स्वस्थ बसला असता, तर आणखी एक दाढी आली असती, आमच्याकडे नाही तर तुमच्याकडे. आता त्यांचे एका गावाचे कागद तयार होईपर्यंत तो दुसऱ्या गावी असेल. साहेब जाताना पेटी रिकामी घेऊन गेले. गादी मला दिली, कुत्र्याला आवडली.

आणखी एक. मागच्या खेपेसारखं धक्क्यावर सूप मीच करणार. तुम्ही पिरमिनच्या होडीतून बरोबर यायचं. तुम्ही संत नाही, तुम्हाला होडी चालते. आलोइसची जागा धक्क्यापासून जवळ आहे. आठ वर्षांत एकदा आलात, तेही पाऊस आहे म्हणून लवकर गेलात.

तुमची,
इड्डा

ता. क. रुमाल निळाच होता. कपाटात सापडला.


होफेन, ३१ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने आणि एकदा चष्म्याने.

बेकर आता पाव देताना माझ्याकडे बघून काही बोलत नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट आहे. कालपासून मी पाव घरी भाजते, जळतो, पण गप्प असतो.

आलोइस तीन वाडग्यांत कसा अडकला याचं मला चाळीस वर्षं नवल वाटत होतं. आता वाटत नाही. तुमच्यासमोर तो बिचारा काय, तीन देश अडकतील.

रेतोला सांगा, जुलैत खुशाल या. पण यंदा तळं आटलं होतं, पुढच्या वर्षी भरलेलं असेल, तेव्हा पोरांना म्हणावं काथवटीत आणखी दगड घाला. आमच्या भिंतीपासून निघायचं, निळ्यातून. मी स्वतः बघायला उभी राहीन. होडीत बसून येईनही, सूपात मीठ बेताने घाला, मागच्या वेळी आमची माणसं पाणी शोधत परतली होती. आलोइसकडे या वेळी पाऊस असला तरी थांबेन. छत्री आणते.

आणि वहिनी, तुमचं वाक्य मी सिल्केकडूनही वाचून घेतलं. पुढची फेरी होईपर्यंत, असं आहे त्यात. वर्षातून एकदाच, असं कुठे आहे? सिल्केने तलावावरची दहा पोरं धरली आहेत. जुलैत तुम्ही न्या. ऑगस्टात आम्ही आणतो. मलम मी मोठ्या डब्यात मागवलं आहे.

तोपर्यंत शनिवारी त्याचं नाक माझं.

बुर्गा